मुलांना घेऊन पहिल्यांदा बेरी वेचायला जाताय?

उत्तर स्वीडनमध्ये नवीन आहात आणि ऑगस्ट चालू आहे, मग या रविवारीच निघा. तिकीट, परवानगी काही लागत नाही. 'अलेमान्सरेत्तेन' या हक्कामुळे रानातली ब्लूबेरी कुणीही वेचावी. फक्त कुणाच्या अंगणात शिरू नका.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- गमबूटच घाला. शेवाळ वरून कोरडं दिसतं, पाऊल टाकलं की बुळकन पाणी वर येतं.
- डासांसाठी फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे.
- खरी भीती वाट चुकण्याची. वेचताना मान खाली असते आणि झाडं सगळी सारखी. मुलांच्या गळ्यात शिटी अडकवा आणि बजावून ठेवा: हरवलास तर एका झाडापाशीच थांब, शोधत फिरू नकोस. इथल्या मुलांनाही हेच शिकवतात.

नवखी मंडळी हमखास लांबचा बेत आखतात. कशाला? पोरं तासाभरात कंटाळतात, गाडीपासून हाकेच्या अंतरावरही भरपूर मिळतात. थर्मास, पोळीचे रोल आणि बुडाखाली घ्यायला फोमचा तुकडा मात्र हवाच.

अनोळखी फळ तोंडात नको. इथली रानटी ब्लूबेरी चिरडली की आतूनही जांभळी निघते, बोटं रंगतात. मशरूमचं पुढच्या वर्षी बघू.