सोमवारी सही करायला जाऊ नका, ताई: माहेरची जमीन, हक्कसोडपत्र आणि 1991 चं लग्न

ताई, सगळ्यात आधी एकच सांगते, सोमवारी सब रजिस्ट्रार ऑफिसला जाऊ नका. आधार, पॅन घेऊन ये, दहा मिनिटांचं काम आहे असं भाऊ म्हणतोय, पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र (जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद) एकदा झालं की ते फिरवायला फसवणूक किंवा दबाव सिद्ध करत बसावं लागतं आणि त्यात वर्षांमागून वर्षं जातात. भांडायची गरज नाही, सरळ सांगा की कागद आधी पाठव, वकिलाला दाखवते आणि मग बोलू.

वाचणाऱ्या इतरांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात सांगते. ताई पुण्यात राहतात, माहेर कराड तालुक्यात, आजोबांपासून आलेली 3 एकर बागायत आणि गावठाणातलं घर. लग्न 1991 ला झालं. वडील 2011 ला गेले, मागे आई, एक भाऊ आणि या ताई. वारस नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आई आणि भाऊ कब्जेदार, म्हणजे जमीन धारण करणारे, म्हणून लागले आणि ताईंचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात टाकलं. 2016 ला भाऊ म्हणाला विकास सोसायटीचं कर्ज काढायचंय, आणि 100 रुपयांच्या स्टॅम्पवर सही घेतली, नोटरी केली. गेल्या महिन्यात भाचीने ऑनलाइन सातबारा काढला तर इतर हक्कातूनही नाव गायब. आणि आता पेपरात जाहीर नोटीस आलीय की आमचे अशील ही जमीन खरेदी करतायत, कोणाची हरकत असेल तर 15 दिवसांत कळवा. भाऊ म्हणतो की तुझं लग्न 94 च्या आधीचं, तुला हक्कच नाही, लग्नात 5 तोळे घातलेत, आता वकील मागतोय म्हणून फक्त एक सही दे.

हक्कच नाही तर हक्कसोड कशाचं करून घेतायत, हा प्रश्न तुम्ही स्वतःच पत्रात विचारलाय आणि तो अगदी बरोबर आहे. खरेदी घेणाऱ्याच्या वकिलाला टायटल क्लिअर, म्हणजे मालकी निर्वेध, दिसत नाहीये, 2016 च्या नोटरी कागदावर त्याचा भरवसा नाही म्हणून तुमची सही लागतेय.

आता ते 94 चं. ही गोष्ट पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव सांगितली जाते आणि कितीतरी बायका ती ऐकून गप्प बसल्यात, म्हणून नीट सांगते. महाराष्ट्राने 1994 ला हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क दिला, पण 22 जून 1994 च्या आधी ज्यांची लग्नं झाली त्यांना वगळलं. भाऊ म्हणतो तो हा कायदा, आणि एवढ्यापुरतं त्याचं खरं आहे. पण 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती आली, कलम 6 च बदललं, त्यात लग्न झालेली, न झालेली, कधी झालेली असा काही भेद ठेवलेला नाही. त्यावरही वर्षानुवर्षं वाद चालले की 2005 ला वडील हयात पाहिजेत का वगैरे, ते सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात मिटवले, मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही. तुमचे वडील तर 2011 पर्यंत होते, म्हणजे तुमच्या बाबतीत तोही वाद नव्हता. मुख्य अपवाद असा, 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालेलं असेल तर ते उकरता येत नाही. उद्या भाऊ म्हणाला की आबांनी (तुमच्या वडिलांनी) 2002 लाच तोंडी वाटप केलं होतं, तर नुसत्या बोलण्यावर कोर्ट ते मानत नाही, त्याला त्या काळातले सरकारी कागद दाखवावे लागतात. आणि 5 तोळ्यांचं म्हणाल तर लग्नात घातलेलं सोनं म्हणजे वाटणी, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

हिस्सा किती, ते बघू. वडिलोपार्जित धरलं तर वडील वारले त्या क्षणी वाटणी झाली असं समजायचं, वडील, आई, भाऊ, तुम्ही असे चार भाग, प्रत्येकी पाव. मग वडिलांचा पाव पुन्हा तुम्हा तिघांत सारखा. हिशोब केला की प्रत्येकाला एक तृतीयांश येतो. आणि भाऊ म्हणाला की नाही, ही आबांची स्वकष्टार्जित, तरी कलम 8 प्रमाणे आई, मुलगा, मुलगी सारख्याच वारस, परत एक तृतीयांशच. म्हणजे वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित या वादात मृत्युपत्र नसेल तर फरक पडत नाही, 120 गुंठ्यांतले 40 गुंठे तुमचे. बागायतीला 10 गुंठ्यांची मर्यादा आहे त्यामुळे तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करायला बंदी, तीही आड येत नाही.

मृत्युपत्र आहे असं भाऊ एकदा बोलल्याचं तुम्ही लिहिलंय, पण दाखवलेलं नाही. असेल तर तो कागद बघायचा, दोन साक्षीदारांनी सही केलेली पाहिजे. नोंदवलेलं असेल तर माणूस गेल्यावर त्याची नक्कल कोणीही अर्ज करून सब रजिस्ट्रारकडून घेऊ शकतो, तेव्हा कराडला चौकशी करा. आणि समजा ते खरं निघालं तरी वडिलोपार्जित जमिनीत वडील फक्त स्वतःचा पाव हिस्सा लिहून देऊ शकतात, तुमचा पाव म्हणजे 30 गुंठे त्यांनाही देता येत नव्हते. स्वकष्टार्जित असेल तर मात्र सगळंच देऊ शकतात, त्यामुळे जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदी, काढून जमीन आजोबांकडून आली हे कागदावर दाखवणं तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे.

2016 चा नोटरी कागद. त्याने तुमची झोप उडालीय असं लिहिलंत. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे ते पत्र सब रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं, न नोंदवलेल्या कागदाने मालकी जात नाही, कलम 49 आहे त्यासाठी. नोटरीने फक्त सही तुमची आहे एवढंच सांगितलं. तरी तो कागद दुर्लक्षित करू नका, कारण समोरचा म्हणणार की हा कौटुंबिक समझोता होता, बहिणीने राजीखुशीने सोडलं. म्हणून दाव्यात तो कागद तुमच्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागायचं, आणि त्यासाठी मुदत साधारण कळल्यापासून 3 वर्षांची असते. भाचीने ज्या दिवशी सातबारा काढला ती प्रिंट तारखेसकट जपून ठेवा. डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो तो लगेच काढा, साधा बघण्यापुरता असतो तो कोर्टात चालत नाही.

सातबाऱ्यावरून नाव गेलं म्हणजे जमीन गेली असं समजून तुम्ही खचलात, पण सातबारा हा महसुलाचा कागद आहे, सुप्रीम कोर्टाने किती वेळा सांगितलंय की फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. नोंद खरी धरली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंत. खरा मुद्दा हा की तो फेरफार मंजूर कसा झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस जायला पाहिजे, हरकतीला 15 दिवस द्यायला पाहिजेत. तुम्ही पुण्यात, तुम्हाला काहीच आलं नाही. तर तहसीलला जाऊन त्या फेरफाराची नक्कल मागा, नुसत्या फेरफाराची नाही, त्यासोबत जोडलेली कागदपत्रं, वर्दी अर्ज (नोंद करा म्हणून दिलेला अर्ज), नोटीस बजावल्याची पोच, सगळ्याची. बहुतेक वेळा या पोचेवरच गाडी अडते, पोचेवर सहीच नसते किंवा घरातल्याच कोणाची तरी असते. ते हातात आलं की प्रांताधिकाऱ्याकडे त्याच संहितेच्या कलम 247 खाली अपील करता येतं. मुदत 60 दिवसांची असते, तुम्हाला उशीर माफीचा अर्ज सोबत द्यावा लागेल. पण फक्त या अपिलावर विसंबून राहू नका, प्रांत मालकी ठरवत नाही, ते दिवाणी कोर्टच ठरवतं. घराचंही तसंच, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर भावाचं एकट्याचं नाव असलं तरी तो कराचा उतारा आहे. (जमिनीचा 8-अ वेगळा, अर्ज करताना लोक हमखास घोळ घालतात.)

आणि मुलीला राहत्या घरात वाटणी मागता येत नाही असं कोणी सांगितलं तर ते जुनं कलम 23 होतं, 2005 ला काढून टाकलं.

मुदतीची भीती तुम्हाला कोणीतरी घातलीय की 12 वर्षं झाली. एकत्र मिळकतीत एका भावाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असतो, तुला हक्क नाही असं उघड सांगून बाहेर काढल्यावर आणि ते तुम्हाला कळल्यावर घड्याळ सुरू होतं. अगदी 2016 पासून धरलं तरी 2028 येतं. तुम्ही सहज लिहून गेलात की परवाच्या दिवाळीपर्यंत भाऊ दरवर्षी शाळूचं एक पोतं आणि भुईमुगाच्या शेंगा एसटीने पाठवायचा, ते फार कामाचं आहे ताई. त्याने मालकी सिद्ध होत नाही, पण तुम्हाला वगळलं होतं हे भावाचं म्हणणं त्याने लंगडं पडतं. पोतं पाठवलंय, घेऊन ये, असे मेसेज मोबाइलमध्ये असतील तर डिलीट करू नका, फोन बदलायचा असेल तर आधी बॅकअप घ्या.

आता या आठवड्यात काय करायचं. जाहीर नोटिशीला लेखी हरकत, हे पहिलं. नोटीस देणाऱ्या वकिलाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने, त्यात गट नंबर, वडिलांचं नाव, वारलेली तारीख, तुम्ही मुलगी आणि एक तृतीयांश हिस्सेदार आहात, 2016 चा कागद मान्य नाही, एवढंच. भावाची निंदानालस्ती त्यात नको. पोच जपा. ही हरकत गेली की घेणाऱ्याला उद्या म्हणता येणार नाही की मला माहीत नव्हतं. भाऊ स्वतःचा हिस्सा विकू शकतो, तुमचा नाही. त्यानंतर वाटपाचा दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज, म्हणजे ज्याला सगळे स्टे म्हणतात तो. दाव्याची नोटीस सब रजिस्ट्रारकडे नोंदवून घ्या. दावा चालू असताना विकलं तरी घेणारा निकालाला बांधील असतो, पण नोंद दिसली की गिऱ्हाईक मुळात उभंच राहत नाही. शेवटी हुकूमनामा झाला तरी शेताचं प्रत्यक्ष वाटप कलेक्टरमार्फत, म्हणजे तहसीलदार आणि भूमी अभिलेखचे मोजणीवाले येऊन होतं, तेव्हा वेळ लागतो हे मनाशी धरूनच उतरा. वकिलाची फी झेपणार नाही म्हणालात तर विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, कोर्टाच्या आवारातच त्यांचं ऑफिस असतं, जाऊन साधा अर्ज द्यायचा.

पोलिसात फसवणुकीची तक्रार करू का विचारलंत. माझं मत, आत्ता नको. पोलीस दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील आणि भावाशी बोलायचा शेवटचा रस्ताही बंद होईल.

आईचं तुम्ही फक्त एका ओळीत लिहिलंय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. त्या 76 वर्षांच्या, भावाजवळ राहतात, त्यांचेही 40 गुंठे आहेत आणि भाऊ त्यांच्याकडून बक्षीसपत्र करून घेऊ शकतो. राजीखुशीने केलं तर तुम्हाला अडवता येणार नाही आणि अडवूही नये. मात्र त्यांना एकटीला भेटून एवढं सांगा की काही लिहून द्यायचंच तर त्यात मला मरेपर्यंत सांभाळायचं आणि या घरात राहू द्यायचं ही अट स्पष्ट घाल, तशी अट असली तर सांभाळलं नाही म्हणून 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेता येतं.

आणि माहेर तुटेल म्हणून तुम्ही रडलात असं लिहिलंय. मी हे काम करताना बघते की बहीण सही देऊन आली तरी नातं टिकतंच असं नाही, जमीन विकली की पुढच्या दिवाळीला बोलावणंही येत नाही. तुम्हाला भावाचं वाटोळं करायचं नाहीये, विकायला विरोधही नाही, फक्त आपल्याला विचारलं नाही याचं दुःख आहे, ते वाचलं मी. मग त्याला हेच सांगा. खरेदीखतावर आई, तो आणि मी, तिघं विकणारे म्हणून सह्या करू, प्रत्येकाचा चेक आपापल्या नावाचा, घर मात्र आई आहे तोवर विकायचं नाही आणि सिटी सर्व्हे असो की ग्रामपंचायत, त्याच्यावर तिघांची नावं. गिऱ्हाइकालाही हेच सोयीचं पडतं, त्याचं टायटल क्लिअर होतं. भाऊ तयार झाला तर दावा न करताच मिटेल, दावा केल्यावर तयार झाला तर लोकअदालतीत तडजोड हुकूमनामा करून घ्या, तोंडी शब्दावर काही सोडू नका.

नोटीस पेपरात कधी छापून आली ती तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती आधी बघा, 15 दिवस त्या तारखेपासून मोजायचे, आणि शनिवारच्या आत हरकतीचं पत्र पोस्टात टाका.