८ गावरान कोंबड्यांसाठी हलवता येणारं खुराडं कसं करावं?

दिवसा मोकळ्या सोडणार असाल तर ६ बाय ४ फुटांचं, दोघांना ढकलता येईल इतकं हलकं खुराडं ८ कोंबड्यांना पुरतं. दिवसभर कोंडणार असाल तर त्यात निम्म्याच ठेवा. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली ताठ जाळी) घ्या, तळालाही तीच. षटकोनी कोंबडीजाळी फक्त कोंबड्या आत ठेवते. मुंगसासारख्या शिकारी प्राण्यांना ती अडवत नाही. बसायला २ इंच रुंद लाकडी पट्टी, दर कोंबडीला ८ इंच. अंड्यांसाठी फूटभर लांबी-रुंदीचे २ खोके, पण पट्टीपेक्षा खाली, नाहीतर कोंबड्या रात्री खोक्यातच झोपून घाण करतात.

खरा प्रश्न छपराचा. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये नुसता पत्रा तव्यासारखा तापतो, म्हणून त्यावर तुराट्या किंवा उसाचं पाचट घट्ट बांधा आणि पत्र्याखाली चारी बाजूंनी वीतभर जाळी उघडी ठेवा. दर २-३ दिवसांनी जागा बदला, म्हणजे विष्ठा साचत नाही.

चाकं रुंद हवीत. सायकलची बारीक चाकं काळ्या रानात पहिल्या पावसातच रुततात. अर्थात भर पावसाळ्यात रुंद चाकंही चिखलात अडकतात, तेवढे महिने खुराडं मुरमाच्या उंचवट्यावर एकाच जागी ठेवलेलं बरं.