मामांच्या पिझ्झा दुकानातला हिशेब

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या मामांनी एका पिझ्झा कंपनीची फ्रँचायझी घेतली असून सांगली आणि मिरजेत त्यांची दोन दुकानं आहेत. सुट्टीत मुलगी तिथला हिशेब बघते आणि आता म्हणते, मला हेच काम शिकायचं आहे. वडील विचारतात, 'बँकेची परीक्षा सोडून हॉटेलात हिशेब लिहिण्यात कसलं करिअर?'

तुमची काळजी समजते. पण तुमच्या लेकीला जे दिसलंय, ते दुकान चालवणाऱ्या अनेकांना दिसत नाही. बहुतेक फ्रँचायझी करारांत रॉयल्टी, म्हणजे कंपनीचं नाव वापरण्याबद्दल तिला द्यायची रक्कम, विक्रीवर द्यावी लागते, नफ्यावर नाही. दुकान तोट्यात गेलं तरी ती चुकत नाही. या एका अटीमुळे इथला हिशेब साध्या खाणावळीच्या हिशेबापेक्षा वेगळा होतो.

आकडे मांडून बघू. हे मी समजण्यासाठी घेतलेत, मामांचे नाहीत. महिन्याची विक्री ६ लाख धरा. रॉयल्टी ६ टक्के म्हणजे ३६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४२,४८०. ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घेणाऱ्या रेस्टॉरंटला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे हा कर सरळ खर्चात जातो. भाडं ८०,००० असेल तर करासह ९४,४००. माल विक्रीच्या ३५ टक्के, २ लाख १० हजार. पगार १ लाख २० हजार, वीज आणि गॅस ४५,०००. २ लाखांची विक्री स्विगी-झोमॅटोसारख्या अ‍ॅपवरून झाली आणि कमिशन २२ टक्के असेल, तर करासह ५१,९२०. सगळं वजा करून मालकाच्या हाती ३६,२०० उरतात. म्हणजे रॉयल्टीपोटी करासह गेले त्याहून कमी! कर्जाचा हप्ता अजून धरलेलाच नाही.

आता विक्री फक्त १० टक्क्यांनी घसरू द्या. भाडं, पगार, वीज तेवढीच राहते. हाती उरतात ६,६४०. विक्री एक दशांशाने घटली आणि नफा पाचव्या हिश्श्याहूनही कमी उरला. वर्षाअखेरीस ताळेबंद करणाऱ्याला हे मार्चमध्ये कळतं, तेव्हा वेळ गेलेली असते. दर आठवड्याला हिशेब बघणाऱ्याला ते दुसऱ्या सोमवारी कळतं. लेकीला ज्या कामाची ओढ आहे, ते हे आहे. त्याला कारकुनी म्हणू नका.

तिने सुरुवात चीजपासून करावी. आठवड्याला २०० पिझ्झे विकले, प्रत्येकात ८० ग्रॅम चीज ठरलेलं, म्हणजे १६ किलो लागायला हवं. सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी वजा रविवारी रात्री मोजलेली शिल्लक, हे जर १९ किलो आलं, तर ३ किलो कुठे गेलं? हात सैल पडला, माल खराब झाला, की बिल न फाडता पिझ्झे गेले? याचं उत्तर संगणकावर मिळत नाही, स्वयंपाकघरात उभं राहून शोधावं लागतं. मला या कामातला हा भाग फार आवडतो.

दुसरी जागा अ‍ॅपच्या विक्रीची. बँकेत येते ती कमिशन कापून उरलेली रक्कम. तीच विक्री म्हणून लिहिली, तर पिझ्झा कंपनीला दिलेला विक्रीचा आकडा आणि वह्या जुळत नाहीत. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून स्विगी-झोमॅटोवरून गेलेल्या जेवणाचा जीएसटी अ‍ॅप कंपनीच भरते. ती विक्री दुकानाच्या जीएसटी विवरणात वेगळी दाखवावी लागते, नाहीतर एकाच बिलावर दोनदा कर जातो. आणि मामा घरखर्चाला गल्ल्यातून पैसे उचलत असतील, तर रोजमेळात त्याची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी.

आता करिअरबद्दल. डॉमिनोज चालवणारी ज्युबिलंट फूडवर्क्स, पश्चिम व दक्षिण भारतात मॅकडोनाल्ड्स चालवणारी वेस्टलाइफ, या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यासुद्धा परदेशी ब्रँड इथे चालवायला घेतलेल्याच आहेत. म्हणजे हाच हिशेब तिथेही लागतो. त्यांचे वार्षिक अहवाल फुकट वाचता येतात. लेकीला एक अहवाल वाचून रॉयल्टी, भाडं आणि मालाचा खर्च विक्रीच्या किती टक्के आहे ते काढू द्या, मग मामांच्या आकड्यांशेजारी ठेवू द्या.

शिक्षण मात्र सोडू नये. तिचा कल खर्चाच्या बारकाव्याकडे आहे, म्हणून माझं मत सीएमएच्या (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) बाजूने. पदवीनंतर पहिली पायरी गाळून थेट इंटरमीडिएटला, म्हणजे मधल्या टप्प्याला, प्रवेश मिळतो. बी.कॉम.ला किमान ५५ टक्के असतील तर सीए इंटरमीडिएटचीही थेट वाट आहे. बँकेची परीक्षा तिने द्यावी, पण तिची स्वतःची इच्छा असेल तर.

मामांशी एकदा तुम्हीच बोला. तिला कराराची प्रत वाचायला द्यावी आणि या कामाचा पगार द्यावा. भाची घरची म्हणून फुकट राबली, तर दुकानाचा नफा आहे त्यापेक्षा जास्त दिसेल, आणि ती चूक तिच्याच वहीत राहील.