आधी वजनाचं बूड बघ

भावा, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात वांगी कमी भरली म्हणून तू थेट भांडायला उठलास, तिथंच गडबड झाली. आधी पुरावा, मग आवाज.

लोखंडी वजन उलटं करून बघ. बुडाला भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्यावर वैधमापन खात्याचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का. शिसं उकरलेलं असेल किंवा शिक्काच नसेल तर समजून जा. वजनांची पडताळणी दर 2 वर्षांनी लागते, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं असतं. ते शांतपणे माग. आणि भाजी ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे का, एवढं तरी रोज बघ.

एक सांगतो. मी सुरुवातीला एका म्हाताऱ्या मावशींना चारचौघांत बोललो. घरी कळलं, आमच्याच काट्याचा सेल उतरला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. त्यांनी काही न बोलता मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकली. म्हणून म्हणतो, वेगवेगळ्या दिवशी तीनदा तोल, तेही दुसऱ्या, खात्रीच्या काट्यावर. पाटीवाल्यांपेक्षा मोठ्या दुकानांकडं आधी बघ, तिथला काटा खोटा निघाला तर रोज शेकडो गिऱ्हाइकं नाडली जातात.

पेट्रोल कमी वाटलं तर पंपावर 5 लिटरचं माप मागायचा तुला हक्क आहे. 25 मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्यापुढं नाही.

पावती, तारीख, वेळ वहीत लिही. मग 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लाव आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस.