लॉकडाऊनमध्ये राहिलेली ड्रायव्हिंगची शिकवणी: पैसे मागू नका, तास मागा

प्रश्न असा आहे: "मार्च २०२० मध्ये नाशिकला ड्रायव्हिंग स्कूलचे पूर्ण पैसे भरले होते. निम्मे क्लास झाले आणि लॉकडाऊन लागला. लर्निंग लायसनही संपलं. ते पैसे आता परत मिळतील का? सगळं नव्याने करावं लागेल का? तसंही स्कूलवाले टेस्टपुरतंच शिकवतात, मग घरातल्याच कुणाकडून शिकलं तर काय बिघडतं?"

शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसले नसते. पंचवटीत मी आणि आमचे मिस्टर छोटी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. एकच गाडी, वॅगन आर, डबल कंट्रोलची, म्हणजे शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच-ब्रेक. बायकांना मी शिकवते.

लायसनचं आधी सांगून टाकते. लर्निंग सहा महिने चालतं. कोविडमध्ये केंद्राने मुदती वाढवत नेल्या. पहिल्यांदा ३० जून २०२०, मग ३० सप्टेंबर, मग ३१ डिसेंबर, असं करत करत शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर २०२१ आली आणि सवलत संपली. त्याच्या आत टेस्ट दिली नसेल तर तुमचं लर्निंग गेलं, नवं काढा. आता आधार असेल तर ते घरबसल्या ऑनलाइन निघतं. ३० दिवस झाले की पक्क्याची अपॉइंटमेंट घ्या आणि सहा महिने उलटायच्या आत पेठ रोडला आरटीओत जाऊन टेस्ट द्या. नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते. हे सगळं सोपं आहे.

आता शिकवणीचं. चारचाकीच्या शिकवणीचा नियम आहे: कमीत कमी २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे कमीत कमी १० तास. रोजचा अर्धा तास धरला की २१ दिवसांत साडेदहा तास होतात, म्हणून सगळीकडे अर्ध्या तासाचा क्लास असतो. प्रत्येक शिकाऊ माणसाने किती वेळ गाडी चालवली याची नोंद नमुना १५ च्या रजिस्टरात ठेवावी लागते. आमच्या रजिस्टरात २१ मार्च २०२०, शनिवार, या तारखेला १४ नावं चालू होती. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू होता. आम्हाला वाटलं सोमवारी गाडी काढू. ती निघाली दिवाळीच्या थोडं आधी.

त्या महिन्यांत आमचं काय झालं ते फार सांगत नाही. गाडीचे हप्ते बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलले, व्याज मात्र चढत राहिलं. विमा भरावाच लागला. उभ्या गाडीची बॅटरी बसली आणि उंदरांनी बॉनेटखालच्या वायरी खाल्ल्या. माझ्या पाटल्या त्यातच गेल्या. पण जून महिन्यात मी त्या १४ जणांना एकेक करून फोन केला. पाच जणांनी पैसे मागितले, त्यांना उरलेल्या दिवसांचे हिशेबाने दिले. तिघांनी फोन उचलला नाही. सहा जण म्हणाले थांबतो, आणि ते नंतर आलेही. म्हणून "स्कूलवाल्यांनी लॉकडाऊनमध्ये पैसे खाल्ले" असं कुणी सरसकट बोललं की मला लागतं.

त्या १४ नावांत एक नाव माझ्या धाकट्या जावेचं होतं. घरातलीच असून तिने पूर्ण फी भरली होती. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "ताई, फुकट शिकले तर हे म्हणतील दोन दिवस जाऊन आली." वय तेव्हा ४६. मुलगा पुण्याला, भाऊजी दिवसभर अंबडला कंपनीत, आणि सासूबाईंना पंधरा दिवसांनी डॉक्टरकडे न्यायचं तर रिक्षा शोधत फिरायचं. तिने १२ मार्चला सुरुवात केली, मध्ये एक रविवार गेला, २१ तारखेपर्यंत नऊ क्लास झाले.

नऊ क्लासमध्ये माणूस काय शिकतो ते नीट वाचा, कारण लॉकडाऊनने कुठे कात्री लावली ते त्यात आहे. पहिले दोन दिवस फक्त स्टेअरिंग, पायाखालचं सगळं मी बघते. तिसऱ्या दिवशी क्लच शिकणाऱ्याकडे. मग पहिला, दुसरा, तिसरा गियर, आणि तेही सकाळी सातला मखमलाबादकडच्या मोकळ्या रस्त्यावर. आठव्या-नवव्या दिवशी हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धाच सोडून गाडी धरणं, जरा बसायला लागतो आणि माणूस पहिल्यांदा खांदे खाली सोडतो. त्याला वाटतं, आली गाडी. दहाव्या दिवसापासून मी गावात घालते. मालेगाव स्टँडचा चढ, रविवार कारंजा, बाजाराच्या दिवशीची गर्दी, अंधार पडल्यावरचे समोरचे दिवे. खरी शिकवणी तिथून पुढची. जावेची बरोबर त्या उंबरठ्यावर थांबली.

जूनमध्ये थोडं मोकळं झालं तसे भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता मी शिकवतो तिला. गाडीत आहे काय? क्लच, ब्रेक आणि रेस. रस्ते रिकामे आहेत, असा चान्स परत मिळणार नाही." लायसनच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हतं. पुढेमागे लाल एल लावलेला, शेजारी पक्क्या लायसनवाला माणूस. पण त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक नव्हता, आणि शेजारी बसलेल्या माणसाला ब्रेक नसला की तो तोंडाने ब्रेक मारतो. म्हसरूळपासून पुढे दिंडोरी रोडला दर रविवारी त्यांचे धडे चालले. ती घरी आली की तिचे डोळे लाल असायचे. मी त्यांना दोनदा सांगितलं, आमची गाडी सुरू होईपर्यंत थांबा. ते म्हणाले, तुमचा धंदा आहे, तुम्ही असंच म्हणणार.

हे मला आजपर्यंत सलतं.

नोव्हेंबरात ती टेस्ट पहिल्या फटक्यात पास झाली. रिव्हर्स तर माझ्या कितीतरी शिकाऊंपेक्षा चांगला होता, कारण पाच महिने रिकाम्या रस्त्यावर तेवढाच सराव झाला होता. भाऊजींनी पेढे आणले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा वहिनी, नऊ क्लासमध्ये काम झालं. बाकीचे बारा कशाला असतात?" मी काही बोलले नाही.

२०२१ ची संक्रांत झाली. नाशिकरोडला तिच्या मावसबहिणीकडे हळदीकुंकू होतं. येताना संध्याकाळचे सात. गाडी ती चालवत होती, शेजारी भाऊजी, मागे मी आणि सासूबाई. पुणे रोडने द्वारकेला आलो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: द्वारकेला पुणे रोड आणि मुंबई-आग्रा रोड मिळतात, शिवाय जुन्या गावातून येणारी रहदारी. उड्डाणपूल वरून जातो, पण गावातली सगळी वाहनं खालीच. त्या वेळी लॉकडाऊनचे रिकामे रस्ते केव्हाच संपले होते, उलट बसची धास्ती घेतलेल्या लोकांनी आपापल्या गाड्या बाहेर काढल्या होत्या.

चौकाच्या मधोमध गाडी बंद पडली. मागे एसटी. तिने चावी फिरवली, सुरू झाली, क्लच पटकन सुटला, परत बंद. हॉर्न सुरू झाले. भाऊजी ओरडायला लागले, "रेस दे! रेस दे!" तिने रेस दिली आणि क्लच एकदम सोडला. गाडीने उडी घेतली ती समोरच्या रिक्षाच्या पाठीवर. देवाच्या कृपेने रिक्षात कुणी नव्हतं, रिक्षावाल्यालाही काही झालं नाही. मागचा दिवा फुटला, पत्रा दबला. त्याला १५०० रुपये दिले. पण ती दार उघडून खाली उतरली, चावी भाऊजींच्या हातात ठेवली आणि गाड्यांमधून चालत कडेला जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले. तिचे हात थंडगार पडले होते.

रात्री जेवताना भाऊजी म्हणाले, "बायकांना ट्रॅफिकचं जमत नाही, हेच खरं." त्यानंतर सव्वा वर्ष तिने स्टेअरिंगला हात लावला नाही. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला ती परत रिक्षा शोधायला लागली, आणि २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये तर त्याही मिळत नव्हत्या. घराखाली गाडी उभी, खिशात पक्कं लायसन, आणि ती ऑक्सिमीटर आणायला दिंडोरी रोडवरच्या मेरीपर्यंत पायी गेली.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल म्हणून स्पष्ट लिहिते. तिला ट्रॅफिकचं जमलं नाही, कारण तिला ट्रॅफिक कुणी शिकवलाच नव्हता. तुम्ही तिला रिकामा रस्ता शिकवलात. गाडी पुढे नेणं पोराटोरांनाही येतं. समोरची रिक्षा आता वळणार की थांबणार हे ओळखणं, गाडी बंद पडली तरी हात न थरथरणं, मागच्या हॉर्नला उत्तर न देणं, हे सगळं दहाव्या ते एकविसाव्या दिवसांत येतं, आणि ते रस्त्यावर माणसं असल्याशिवाय येत नाही. बाकीचे बारा यासाठी असतात.

गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ ला राज्यातले कोविडचे निर्बंध उठले. सोमवारी ४ तारखेला मी तिला रजिस्टर दाखवलं. तिच्या नावापुढे नऊ सह्या होत्या आणि बारा रकाने रिकामे. "हे तुझे पैसे भरलेले तास आहेत," म्हटलं. ती आली.

पहिला दिवस मी तिला चालवायला दिलीच नाही. शेजारी बसवलं आणि रविवार कारंज्यावरून तीन फेऱ्या मारल्या. तिने फक्त बोलायचं: हा थांबेल, ती वळेल, हा मागे न बघता घुसेल. रिक्षाकडे बघू नको, रिक्षाच्या पुढच्या चाकाकडे बघ, हे मी प्रत्येकीला सांगते. रिक्षावाला इंडिकेटर देवो न देवो, चाक आधी वळतं. दुसऱ्या दिवशी मालेगाव स्टँडच्या चढावर मुद्दाम गाडी बंद पाडायला लावली. दहा वेळा. क्रम एकच: ब्रेक, हँडब्रेक, क्लच दाबून न्यूट्रल, चावी, पहिला, हाफ क्लच, गाडी ओढायला लागली की हँडब्रेक खाली. मागे कितीही हॉर्न वाजले तरी क्रम बदलायचा नाही. सहाव्या दिवशी द्वारका, सकाळी साडेसहाला. आठव्या दिवशी द्वारका, अकराला. अकराव्या दिवशी संध्याकाळी सातला, पुणे रोडनेच. चौकात गाडी परत बंद पडली. माझा पाय ब्रेकवर होता, पण मी दाबला नाही. तिने हँडब्रेक ओढला, क्रम केला आणि काढली. बाराव्या दिवशी तिने मला त्र्यंबकेश्वरला नेऊन आणलं.

आता तुमच्या पैशांकडे येते. पावती असेल तर स्कूलमध्ये जा आणि पैसे मागू नका, उरलेले तास मागा. नमुना १५ मध्ये तुमचे किती दिवस भरलेत ते दाखवायला सांगा. प्रामाणिक माणूस असेल तर तास देईल, फार तर पेट्रोल वाढलं म्हणून थोडा फरक मागेल. तो द्या. त्या नऊ-दहा दिवसांची सवय तुमच्या पायांतून गेली असेल, तरी परत पहिल्यापासून स्टेअरिंग धरायला लावणाऱ्याकडे जाऊ नका. दोन दिवस उजळणी आणि मग थेट गावात, असं आधी बोलून घ्या.

घरच्यांकडून शिकू नये असं माझं म्हणणं नाही. बहीण, मुलगी, शांत डोक्याचा भाऊ असेल तर जरूर शिका, पण एकवीस दिवस झाल्यावर, सरावासाठी. नवऱ्याकडून मात्र बायकोने शिकू नये. यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये, मी वीस वर्षं गाडीत बसून बघतेय.

आणि हेही खरं की काही स्कूलं लॉकडाऊनमध्ये कायमची बंद झाली, काहींनी मुद्दाम नंबर बदलले. तुमची त्यांतली असेल तर पैशांवर पाणी सोडावं लागेल. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ त्यातून वगळला होता, तरी ती मुदत उलटून गेली. उशीर का झाला याचं सबळ कारण लेखी दाखवता आलं तर आयोग ऐकू शकतो, पण दोन-तीन हजारांसाठी त्या फेऱ्या माराव्यात असं मला वाटत नाही. तेवढ्यात दुसरीकडे बारा दिवस लावा. लावताना सांगा की मला संध्याकाळचा क्लास हवा, सहा ते साडेसहा, आणि त्या अर्ध्या तासात द्वारका यायला हवी.