आण्णांना योगा शिबिर नको, दुसरा सेटर द्या

*ताई, शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. सीएनसी-व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीन) मिळून ११ मशीन, दोन शिफ्ट, ३५ माणसं. हिशेब, पगार आणि माणसांचं मी बघते. आमचे सुपरवायझर १४ वर्षांपासून आहेत, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. सहा महिन्यांपासून माणूस बदललाय. पोरांवर खेकसतात, डबा तसाच घरी नेतात, काही विचारलं तर 'करा काय करायचं ते.' गेल्या महिन्यात त्यांनी पास केलेल्या पहिल्या पीसचा बोअर (आतलं भोक) ओव्हरसाइज निघाला आणि अख्खा लॉट परत आला. परवा म्हणाले, 'वहिनी, दिवाळीनंतर मी थांबत नाही.' पगार वाढवू म्हटलं तर नुसते हसले. सासरे म्हणतात, 'आम्ही काय कमी राबलो? ही सगळी आताची फॅडं.' आमचे हे म्हणतात, रविवारी योगा शिबिर घेऊ, नाहीतर गणपतीपुळ्याला ट्रिप काढू. मी काय करू?*
*– एक सून, कोल्हापूर*

वहिनी, शिबिर सध्या राहू द्या. योगात वाईट काही नाही. पण सुट्टीच्या दिवशी ठेवलेलं शिबिर माणसाची आठवड्यातली एकुलती एक सुट्टी खातं, आणि बिघाड आपल्यात आहे, कामात नाही, असा निरोप त्याला आपोआप पोचतो. तुमचं पत्र वाचून मला तरी बिघाड कामाच्या मांडणीत दिसतोय.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद घेतली ती आजार म्हणून नव्हे. दीर्घकाळ चाललेला कामाचा ताण नीट हाताळला गेला नाही की येणारी अवस्था, अशी ती नोंद आहे. तिच्या खुणा तीन. अंगातलं त्राण संपतं, कामावरचं मन उडतं किंवा कडवट होतं, आणि हातचं काम जमेनासं होतं. डबा परत जातोय, 'करा काय करायचं ते' चाललंय, आणि १४ वर्षं मायक्रॉनशी खेळलेल्या माणसाच्या हातून ओव्हरसाइज बोअर पास झालाय. तिन्ही खुणा तुम्हीच लिहून पाठवल्यात.

सासऱ्यांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. ते खरोखर राबलेत. पण ऑर्डर घ्यायची की नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं, तारीख स्वतः दिली, आणि रात्री थांबले तर त्या रात्रीची कमाई त्यांच्याच घरात आली. आण्णांना तारीख कळते ती बहुधा तुमच्या मिस्टरांनी कस्टमरला 'गुरुवारी गाडी लावतो' असं सांगून झाल्यावर. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकानं १९७९ मध्ये हेच मांडलं होतं. कामाचा रेटा जास्त आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, या जोडीनं माणूस सगळ्यात जास्त झिजतो. पगारवाढीवर आण्णा हसले ते यामुळेच असावं. तेवढंच ओझं तसंच वाहा, फक्त जरा जास्त पैशात, असं त्यांना ऐकू आलं.

आता कामाला लागू. पहिले दोन आठवडे काही बदलू नका, नुसतं मोजा. स्टोअरमधल्या पोराला एक वही द्या. रकाने चार: वेळ, कोण आलं, कशासाठी आलं, आणि हे आण्णांशिवाय कुणाला जमलं असतं का. वही आण्णांना भरायला देऊ नका, त्यांच्या डोक्याला आधीच पुष्कळ आहे. कशासाठी चाललंय हे मात्र पहिल्याच दिवशी त्यांना सांगा, नाहीतर पाळत ठेवली असं वाटेल. त्यांनी राजीखुशीनं मोबाईल दाखवला तर संध्याकाळी सातनंतरचे आणि सकाळी सातच्या आतले कॉल वेगळे मोजा.

अशा शॉपमध्ये वहीत काय निघतं ते साधारण ठरलेलं असतं. इन्सर्टच्या (टूलला लावायच्या धारदार पात्यांच्या) कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात. अर्ध्या दिवसाची सुट्टी त्यांनाच विचारायची. डिस्पॅच कुठवर आलं म्हणून कस्टमरचा फोन थेट त्यांना. सेकंड शिफ्टच्या सेटरनं, म्हणजे मशीन नव्या कामासाठी लावून देणाऱ्यानं, दांडी मारली की सेटिंगला तेच. आणि भर शिफ्टमध्ये 'ते राहू दे, आधी हे चढव' असा मालकांचा हुकूम. हा शेवटचा प्रकार सगळ्यात महागडा, कारण लागलेली सेटिंग उतरवून नवी चढवायची, पहिला पीस पुन्हा मोजायचा, आणि उतरवलेलं काम दोन दिवसांनी पुन्हा चढवायचं.

यातलं सोपं त्याच आठवड्यात काढून घ्या. किल्ली स्टोअरला. एक दिवसापर्यंतची सुट्टी तुमच्याकडे. डिस्पॅचचे फोन ऑफिसात, तेही तुम्हीच घ्या. आणि रोज संध्याकाळी मिस्टर, आण्णा आणि तुम्ही दहा मिनिटं उभ्यानं बोला: उद्या कुठल्या मशीनवर काय, आणि नवी तारीख द्यायची असेल तर आण्णा काय म्हणतात. त्यांनी 'गुरुवार नाही, शनिवार' म्हटलं तर कस्टमरला शनिवारच सांगायचा. पहिल्या महिन्यात हे एकदा जरी मोडलं तरी आण्णा पुढं तोंड उघडणार नाहीत, हे मिस्टरांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

अवघड आहे ते सेटिंगचं. आण्णांच्या डोक्यातलं कागदावर आल्याशिवाय त्यांची सुटका नाही. प्रत्येक पार्टला एक पान करा. त्यात प्रोग्रॅम नंबर, कुठल्या पोझिशनला कुठलं टूल आणि इन्सर्टचा कुठला ग्रेड, फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवणारा साचा) बसवल्याचा फोटो, झिरो (माप जिथून सुरू होतं तो बिंदू) कुठून घ्यायचा, पहिल्या पीसची कुठली मापं कशानं मोजायची, आणि ऑफसेट (टूलच्या मापातली बारीक दुरुस्ती) किती मर्यादेपर्यंत ऑपरेटरनं स्वतः द्यायचा. आण्णांनी तोंडी सांगायचं, डिप्लोमा झालेल्या एखाद्या पोरानं लिहायचं. दिवसाला एकच पान. सगळ्यात जास्त चालणारे दहा-बारा पार्ट आधी घ्या. ही पानं दोन कारणांनी वाया जातात. एक तर ती कॉम्प्युटरमध्येच पडून राहतात, म्हणून लॅमिनेट करून मशीनला लटकवा. दुसरं, इन्सर्टचा ग्रेड बदलतो आणि पान तसंच राहतं. असं दोनदा झालं की पोरं पान बघणं सोडतात. म्हणून प्रत्येक पानावर तारीख आणि बदल करणाऱ्याची सही हवी.

सोबत एक चांगला ऑपरेटर निवडून त्याला सेटर करा. आधी तो बघेल, मग आण्णा शेजारी असताना करेल, मग एकटा करेल आणि आण्णा फक्त पहिला पीस बघतील. याला दीड-दोन महिने धरा. इथं हमखास होणारी चूक म्हणजे त्या पोरावर त्याच्या मशीनचं टार्गेटही तसंच ठेवणं. मग तो धड सेटर होत नाही, धड ऑपरेटर राहत नाही, आणि वर्षभरात त्याचंही पत्र मला येतं. त्याचा पगार शिकायला लागल्या दिवसापासून थोडा वाढवा.

परत आलेल्या लॉटबद्दल आण्णांना पुन्हा बोलू नका. दमलेल्या डोळ्याला जे दिसायला हवं तेच दिसतं, त्यामुळे त्याच माणसानं त्याच बोअर गेजनं पुन्हा मोजून उपयोग नसतो. पहिला पीस दोघांनी, दोन वेगळ्या साधनांनी तपासायचा नियम करा: एकानं बोअर गेज, दुसऱ्यानं गो-नो-गो प्लग (माप बरोबर असेल तर ज्याचं एक टोक भोकात जातं, दुसरं जात नाही).

फोनचं बघा. कामगाराला आठवड्याचे ४८ तास आणि त्यापुढे दुप्पट दरानं ओव्हरटाइम हे कायद्यानं ठरलेलं आहे. सुपरवायझर बहुतेक ठिकाणी या हिशेबाबाहेर राहतो, म्हणून त्याचा जादा वेळ कुठल्याच रजिस्टरला दिसत नाही. तुमच्या वहीतून आण्णांचे आठवड्याचे तास काढा, घरून घेतलेल्या फोनसकट. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलंय. हा आकडा सासऱ्यांपुढे ठेवा. शेजारी परत आलेल्या लॉटचं बिल ठेवा, ते जास्त बोलेल.

सेकंड शिफ्टला एक जबाबदार माणूस नावानं ठरवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री काहीही पडलं तरी आण्णांनी उत्तर द्यायचं नाही. मशीन धडकलं किंवा कुणाला लागलं तरच फोन, आणि तो फोनच करायचा, मेसेज नाही. रात्री उठून यावं लागलंच तर घरी पोचल्यापासून ११ तास झाल्याशिवाय पुन्हा ड्युटी नाही. 'नंतर कधीतरी बदली सुट्टी घ्या' असं म्हटलं की ती कधीच घेतली जात नाही. त्याच आठवड्याची तारीख लिहून द्या.

आण्णांशी बोलायचं ते केबिनमध्ये सगळ्यांसमोर नको. शिफ्ट सुटायच्या आधी अर्धा तास, दोघंच, चहा घेऊन बसा. 'टेन्शन घेऊ नका' म्हणू नका, 'तुमच्याशिवाय चालत नाही' हे तर अजिबात नको, कारण तेच तर त्यांचं दुखणं आहे. असं विचारा: 'आण्णा, दिवसातलं कुठलं काम सगळ्यात जास्त डोक्यात जातं? त्यातलं काय मी उद्या काढून घेऊ?' आणि उत्तर आलं की मध्ये बोलू नका. झोप किती होते तेही विचारा. आपल्याकडे बऱ्याच कामगारांना गावाकडं थोडा ऊस असतो. शेतीपंपाची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची, त्या आठवड्यात माणूस पाणी पाजून पहाटे झोपतो आणि सातला गेटवर असतो. तसं असेल तर त्या आठवड्यात ड्युटी नऊला सुरू करा. हीच विचारपूस ऑपरेटरांचीही करा, शिफ्ट लावायच्या आधी.

सुट्टी द्याच, सलग सात दिवस, फोन तुमच्या ड्रॉवरमध्ये. पण वही, किल्ली, फोन एवढं मार्गी लागल्यावर. आज पाठवलंत तर आठव्या दिवशी ढीग तसाच असेल आणि पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

एक गोष्ट मात्र या सगळ्यासाठी थांबवून ठेवू नका. बर्नआउटचा माणूस कामापासून लांब गेला की थोडा खुलतो. आण्णा सुट्टीच्या दिवशीही गप्प असतील, आवडतं कशातच काही उरलं नसेल, वजन उतरत असेल किंवा 'जगून काय करायचं' असं तोंडातून आलं असेल, तर हा शॉपचा विषय राहत नाही. त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टरकडे न्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. एरवीही थायरॉइड, साखर, बीपी एकदा बघून घ्या, ही दुखणीही माणसाला असंच दमवतात. आणि डॉक्टर काय म्हणाले हे शॉपमध्ये कुणाच्या कानावर जाता कामा नये, मिस्टरांच्याही नाही, आण्णांनी स्वतः सांगितल्याशिवाय.

बाकी ३४ जणांसाठी तुमचं मस्टर वाचायला शिका. ओव्हरटाइमला महिन्यानुमहिने तीच चार नावं, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी खाडे, बोटाला बारीकसारीक कापणं वाढणं. पुढचे आण्णा तिथं दिसतात.

हे सगळं करूनही ते दिवाळीनंतर जाऊ शकतात. अडवू नका, तोंड फिरवू नका. १४ वर्षांची ग्रॅच्युइटी म्हणजे कायद्याच्या व्याख्येत बसणारं शेवटचं मासिक वेतन (मुख्यतः बेसिक आणि डीए, म्हणजे महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले १४. ती ३० दिवसांत द्यावी लागते. रक्कम आजच काढून आण्णांना सांगून ठेवा, म्हणजे थांबायचं की जायचं हे त्यांना पैसे अडकतील या भीतीशिवाय ठरवता येईल.