एक्स्ट्रॉफीच्या मुली आता मोठ्या झाल्यात, त्यांचे चार प्रश्न

ब्लॅडर एक्स्ट्रॉफी म्हणजे जन्मतःच लघवीची पिशवी पोटावर उघडी असते आणि ओटीपोटाखालची समोरची हाडं एकमेकांना जुळलेली नसतात. साधारण ३० ते ५० हजार बाळांत एक, त्यात मुली कमीच. लहान मुलांच्या ऑपरेशनसाठी अहमदाबादच्या सिव्हिलमध्ये परदेशी सर्जनसुद्धा येतात, पण तीच मुलगी पंचविशीची झाली की बालशल्यचिकित्सक म्हणतात आता तू मोठी झालीस, आणि गायनॅकने अशी केस कधी बघितलेलीच नसते.

वय २५. लहानपणी तीन ऑपरेशनं झाली. घरात स्थळं बघतायत, आई म्हणते कुणाला काही सांगू नकोस. मला शरीरसंबंध जमतील का?

जमतील गं, बहुतेकींना जमतात. योनीमार्ग असतो, फक्त थोडा आखूड, पुढच्या बाजूला वळलेला आणि तोंडाशी अरुंद असतो. क्लिटोरिस (योनीच्या वरचा संवेदनशील दाणा) दोन भागांत असते पण संवेदना सहसा असते. तोंड फारच अरुंद असेल तर डायलेटर (तोंड हळूहळू रुंद करायची गुळगुळीत कांडी) किंवा छोटंसं ऑपरेशन पुरतं, ते लग्नाच्या आधी निवांत करून घ्यावं. 'मुलगी कुमारिका आहे, नको तपासायला' म्हणून परत पाठवणारे डॉक्टर मला माहितीयत, तिथे वेळ घालवू नकोस, दुसरीकडे जा. आईची भीती कळते मला, पण पोटावरचे टाके आणि नसलेली बेंबी नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात दिसणार ना? बायोडेटात लिहू नको, मामा-मावशीला सांगायची गरज नाही, पण गोष्ट पुढे सरकली की त्या मुलाला स्वतः सांग आणि हवं तर त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. ऐकून जो पळतो तो लग्नाआधी पळालेला बरा.

माझी पिशवी आतडं लावून मोठी केलीय, बेंबीच्या जागी केलेल्या छिद्रातून कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालते. पाळी लांबली म्हणून घरी किट वापरलं, दोनदा पॉझिटिव्ह! सोनोग्राफीत काहीच नाही. सासूबाईंनी पेढेही वाटले.

अरेरे, पेढे! किटवर विश्वास ठेवू नका. पिशवीला आतड्याचा तुकडा लावलेला असला की त्यातून चिकट स्राव लघवीत येतो आणि त्याने लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्यासाठी रक्तातली बीटा एचसीजी (गर्भारपणाच्या हार्मोनची तपासणी) हीच खरी टेस्ट, ती आत्ताच करून घ्या, कारण किट पॉझिटिव्ह आणि सोनोग्राफी रिकामी म्हणजे गर्भ नळीत तर नाही ना हेही बघावंच लागतं. आणि कुठेही गेलात तरी 'माझ्या पिशवीला आतडं जोडलंय' हे आधी सांगा, नाहीतर तुमच्या लघवीचा रिपोर्ट बघून कायम इन्फेक्शन आहे म्हणत अँटिबायोटिक देत बसतील. ताप नाही, दुखत नाही, तर नुसत्या रिपोर्टवर औषध नको. पिशवी सलाईनने धूत जा, मुतखडे कमी होतात. वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), बी१२ आणि किडनीची सोनोग्राफी.

मूल होईल का? बाळालाही हेच होईल का?

गर्भाशय, बीजकोश सहसा नॉर्मल असतात, त्यामुळे दिवस राहू शकतात. त्रास नंतरचा. समोरची हाडं जुळलेली नसल्याने खालून आधार कमी, म्हणून अंग बाहेर येतं, काहींना तर लग्नाआधीच, आणि बाळंतपणानंतर जास्त. नऊ महिन्यांत लघवीचं इन्फेक्शन, किडनीला सूज, वेळेआधी कळा, हे सगळं धरून चालायचं. पोट वाढलं की कॅथेटर घालणं अवघड होतं, मग काही आठवडे आतच ठेवावा लागतो. सहसा ठरवून सिझेरियन करतात, आणि त्या वेळी युरोलॉजिस्ट थिएटरमध्ये हवाच, फोनवर नाही, कारण आतड्याच्या तुकड्याची रक्तवाहिनी नेमकी वाटेत येऊ शकते आणि ती कापली गेली तर पिशवीला लावलेला तो तुकडाच जातो. बाळाचं म्हणाल तर जुन्या एका पाहणीत ७० मध्ये १ असा आकडा आहे, म्हणजे धोका इतरांपेक्षा जास्त पण तरी कमीच. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाची पिशवी भरलेली दिसते का हे मुद्दाम बघायला सांगा.

वय ३९. लहानपणी किडनीतून येणाऱ्या लघवीच्या नळ्या मोठ्या आतड्यात सोडल्यात, लघवी संडासच्या वाटेनेच होते. काही त्रास नाही, २० वर्षं डॉक्टरकडे गेले नाही.

ताई, तुमचंच उत्तर मला सगळ्यात आधी द्यायला हवं होतं. त्रास नाही हे चांगलंच, पण नळ्या जिथे आतड्याला जोडल्यात तिथे बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होण्याचा धोका असतो, म्हणून ऑपरेशननंतर दहा वर्षांनी सुरू करून दरवर्षी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करायची असते. तुमच्या कितीतरी राहिल्यात. या महिन्यातच अपॉइंटमेंट घ्या. जुने कागद सापडले तर न्या, नाही सापडले तरी जा आणि 'नळ्या आतड्यात जोडल्यात, तो जोड बघा' असं स्पष्ट सांगा, म्हणजे तो नळीचा जोड गाठ समजून कुणी कापणार नाही. नंतर कधी लघवीची वाट बदलून घेतली असली आणि जुना जोड आतच राहिला असला तरी तपासणी चुकत नाही. सोबत रक्तातलं पोटॅशियम आणि बायकार्बोनेट बघा, अशा आतड्यातून रक्तात आम्लता वाढते, थकवा येतो, हाडं ठिसूळ होतात, आणि त्यावर सोड्याच्या गोळ्या असतात, त्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या.